कोनाच्या घड्याळात?

"कोनाच्या घड्याळात?" असं त्या विचारायच्या आणि विचारताना समोरच्या कागदावर पंजा पालथा ठेवायच्या. पंजा नेमका शेवटच्या रकान्यावर पडायचा. त्या रकान्यात 'वीज पूर्ववत झाल्याची वेळ' लिहिलेली असे. मी मान वर केली की त्या माझ्याकडे बघत असायच्या. मुलगा 'धुतले हात' म्हणतो तेव्हा आई जशी बघते, तशा.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस आलं असेल. शिक्षणानं तुमच्या खाली, पगारानं तुमच्या खाली, बसायला दाराजवळची खुर्ची. आणि तरी पंधरा दिवसांत तुम्हाला आपलीच खुर्ची डुगडुगते आहे असं वाटायला लागतं. तसं झालं असेल तर पुढचं तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

मी गोंदिया शहरातली. घराचा उंबरा ओलांडला की हिंदी. शिक्षण नागपूरला झालं, आणि वीज, पाणी, रस्ते अशा सेवांवर सरकार लक्ष कसं ठेवतं याच विषयावर मी प्रबंध लिहिला. नागपूरच्याच एका अभ्याससंस्थेनं मला गोंदिया जिल्ह्याचं काम दिलं. काम सोपं करून सांगते. वीज पुरवणारी कंपनी असते. तिच्यावर देखरेख ठेवायला आयोग असतो. तार तुटली तर किती तासांत जोडायची, खेड्यातलं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळलं तर किती दिवसांत बदलायचं, हे आयोग ठरवतो. कंपनी दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवते की आम्ही मुदत पाळली. आयोग तो वाचतो. आणि आयोग नीट वाचतो की नाही, हे आम्ही बघायचं. राखणदाराची राखण म्हणा.

बाई मला मदतनीस म्हणून मिळाल्या. कंपनीच्या तक्रार केंद्रात सव्वीस वर्षं फोनवर बसून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, डावा कान जरासा पुढे केलेला, बोटात पितळेचं वेढं. सगळे मला 'मॅडम' म्हणायचे, त्यांना 'बाई'. पहिल्या आठवड्यात हा फरक मला सुखाचा वाटला. नंतर मला त्या 'बाई'चाच हेवा वाटू लागला.

सुरुवात कामठ्याच्या एका तक्रारीपासून झाली. गावात तार तुटली होती आणि नोंदीप्रमाणे संध्याकाळी साडेपाचला वीज आली होती. मुदतीच्या आत. अशा सगळ्या नोंदींचा मी आलेख काढला होता, हिरव्या रेघेचा, देखणा. बाईंनी त्यावर पंजा ठेवला.

"कोनाच्या घड्याळात?"

"कंपनीच्या नोंदवहीत आहे, बाई."

"नोंदवही साडेपाचलेच बंद होते, म्याडम. सांजच्याले ड्युटी बदलते ना. ज्याच्या घरी लाइट आली त्याचं घड्याळ कोनी इचारलं?"

त्यांनी तक्रारदाराचा नंबर फिरवला. वीज किती वाजता आली, असं विचारलंच नाही. म्हणाल्या, "भाऊ, लाइट आली तवा टीव्हीवर का चालू होतं?"

पलीकडचा गडी आधी हसला. मग म्हणाला, "सिरियलमध्ये लग्न लागून राहिलं होतं. माजी बायको अक्षता टाकाले उभी झालती."

बाईंनी फोन ठेवला. "आठ वाजून दहा मिनिटं. ते लग्न मी पन पाहिलं."

मी हसले. हसता हसता पोटात दुखायला लागलं, आणि ते हसण्यामुळे नव्हतं. माणसाची आठवण कशी तपासायची यावर मी दोन वर्षं पुस्तकं वाचली होती. ही पद्धत त्यांत कुठेच नव्हती.

मग आम्ही गावोगाव फिरू लागलो. गोरेगावच्या आठवडी बाजारात माझ्या हातात छापील प्रश्नावली होती. मी विचारायची आणि लोक उलट विचारायचे, "कोन्या कंपनीच्या तुमी, म्याडम?" बाई माझ्या मागे उभ्या राहून नुसतं "भाऊ, जरा सांगा ना" एवढंच म्हणाल्या, तर भाजीवाली उठून उभी राहिली.

"हा आवाज माजा वळखीचा हाये. तुमी त्या तक्रारवाल्या बाई का?"

सव्वीस वर्षं लोकांनी तो आवाज ऐकला होता, चेहरा कुणी पाहिला नव्हता. भाजीवालीनं हात पुसून बाईंच्या गालाला लावला. तिची सून घरीच बाळंत झाली होती, त्या दिवशी पावसानं सगळीकडचे खांब पडले होते. बाईंनी लाइनमनला पिटाळलं होतं आणि तो पोचेपर्यंत फोन खाली ठेवला नव्हता. भाजीवालीला धीर देत राहिल्या होत्या. "नातू आता दहाविले आहे," भाजीवाली म्हणाली आणि लाखोरीच्या भाजीच्या दोन जुड्या बाईंच्या पिशवीत कोंबल्या.

माझ्या हातात तिनं एक जुडी दिली. ती मी घरी जाऊन कुणाला न सांगता मोलकरणीला देऊन टाकली. इतकी मी खाली गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाई सुट्टीवर होत्या. मी ठरवलं, हे काही अवघड नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, "बाबाजी, लाइट आली तेव्हा टीव्हीवर काय चालू होतं?"

म्हातारा म्हणाला, "म्याडम, आमच्या घरी टीव्ही नाई. पन तुमाले पाहाचाच असन तं चला बाजूवाल्याकडे."

हे मी बाईंना सांगितलं नाही. तरी त्यांना कळलंच. दोन दिवसांनी जेवताना डबा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "ज्याच्या घरी जे असन, ते इचाराचं. कोनाकडे टीव्ही, कोनाकडे चक्की, कोनाकडे दुधाची गाय. जेवा, भात थंडा होते." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

उन्हाळा संपता संपता दरेकशाचं प्रकरण आलं. दरेकसा म्हणजे डोंगरातलं लहानसं स्टेशन. तिथून वर जंगलात चालत गेलं की पंधरा-वीस घरांचा टोला लागतो. नोंदीप्रमाणे टोल्याचं रोहित्र जळलं आणि दोन दिवसांत बदललं. प्रकरण बंद.

आम्ही सकाळच्या गाडीनं उतरलो. टोल्यातल्या एका बाईनं, पस्तिशीची असेल, आम्हाला आंब्याखाली बसवलं. बाईंना गोंडीचे चारच शब्द यायचे, पण तेवढ्यावर त्यांनी तिला बोलतं केलं.

"लाइट गेली तवा तुमचं का काम चालू होतं?"

"मोहा बेचून झालता."

"आन आली तवा?"

"तेंदूपत्ता तोडला, पुडे बांधले, पत्ता गाडीत भरून गेला. मंग आली."

मी मनातल्या मनात आठवडे मोजू लागले. मोह वेचून संपल्यापासून तेंदूपत्ता गाडीत भरेपर्यंत सव्वा महिना तरी होतो. कागदावर दोन दिवस.

ती पुढे सांगत गेली. दोन दिवसांत माणसं आली होती हे खरं. त्यांनी जळलेलं रोहित्र उतरवलं, दुसरं चढवलं, फोटो काढला आणि गेली. चढवलेलं पण जळकंच होतं; चालू रोहित्र तेंदूपत्त्याची गाडी गेल्यावर बसलं. पाण्याची मोटर त्याच लाइनवर. सव्वा महिना बायका नाल्यात झिरे खणून पाणी भरत होत्या. तिची सासू दगडावरून घसरून कंबरेत मोडली होती, ती आत खाटेवर होती. बाई आत गेल्या. मी बाहेर वहीत लिहीत बसले. आतून त्या म्हातारीच्या रडण्याचा आवाज आला आणि नंतर, कसा कोण जाणे, हसण्याचा.

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "चांगलं उदाहरण मिळालं."

त्या महिन्यात आयोगाची जनसुनावणी गोंदियात व्हायची होती. प्रश्न एकच होता: कंपनी स्वतःबद्दल जे लिहून पाठवते त्यावर विसंबायचं, की गावात जाऊन तपासायचं? आमचा अहवाल तिथं मांडायचा होता. नागपूरहून संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. ते मला आठ वर्षं ओळखत होते. माझ्या आलेखांबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. म्हणाले, "त्या बाईंचं काम अफाट आहे. दरेकशाचं प्रकरण पहिल्या पानावर घ्या, त्यांच्याच शब्दांत. नाव तुमच्या दोघींचं."

मी 'हो सर' म्हटलं. आणि मग बसून जे केलं ते इथं लिहिते आहे, कारण दुसरं कुणी ते लिहिणार नाही.

दरेकसा मी शेवटून तिसऱ्या पानावर तळटिपेत टाकलं. लिहिलं, 'स्थानिक स्मरणावर आधारित. पडताळणी शक्य झाली नाही.' पहिल्या पानावर माझा हिरवा आलेख ठेवला. प्रमुखांना पत्र पाठवलं की बाई कंपनीच्या माजी कर्मचारी आहेत, त्यांच्या मनात जुना राग असू शकतो, त्यांचं नाव घालणं अभ्यासाच्या विश्वासार्हतेला बाधक ठरेल. 'बाधक' हा शब्द मला फार आवडला होता, हेही आठवतं. प्रमुखांनी माझ्यावर भरवसा ठेवला.

बाईंना म्हटलं, "सुनावणीला तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

"बरं," त्या म्हणाल्या.

सुनावणीच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि माझा आलेख पडद्यावर झळकत होता. मी दहा मिनिटं बोलले. खाली बसले तर कंपनीचे अधिकारी उठले आणि हसतमुखानं म्हणाले, "मॅडमच्या स्वतंत्र अभ्यासानंच सिद्ध झालं आहे की बहुतेक तक्रारी मुदतीत सुटतात. तेव्हा वेगळ्या तपासणीची गरज दिसत नाही." त्यांनी माझ्याकडे बघून मान लववली.

आयोगाचे सदस्य वयस्कर गृहस्थ होते. अहवाल ते मागच्या पानापासून चाळत होते. त्यांनी विचारलं, "ही तळटीप काय आहे? दरेकसा? हे कुणी तपासलं?"

मी उत्तर द्यायच्या आधी मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. शेवटच्या रांगेत बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला टोल्यातल्या पाच बायका. जनसुनावणी कुणालाही खुली असते. मी बोलावलं नाही म्हणून त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. बाई उभ्या राहिल्या. माइक घेतला नाही. त्यांच्या आवाजाला माइक लागत नव्हता.

"मी तपासलं, साहेब. लाइट दोन दिवसांत नाई आली. तेंदूपत्त्याची गाडी गेल्यावर आली."

अधिकाऱ्यांनी त्यांना लगेच ओळखलं. "साहेब, या आमच्याच माजी कर्मचारी आहेत. यांच्या मनात जुना राग असू शकतो. आणि तक्रारी वेळेआधी बंद होतात असं यांचं म्हणणं असेल, तर सव्वीस वर्षं त्या बंद करत कोण होतं, हे यांनाच विचारा."

माझंच वाक्य. माझ्या पत्रातलं, जवळजवळ शब्दाला शब्द, ते पत्र त्यांनी कधी पाहिलं नसताना. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला त्याचा वास आला.

सभागृह बाईंकडे वळून बघत होतं. त्या जराशा वाकल्या, पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरलं.

"मीच करत होती," त्या म्हणाल्या. "सांज झाली का वरून सांगत, सगळ्या बंद करून टाका. मी टाकत होती. लोक आंधारात बसून राहायचे आन मी लिहायची, लाइट आली. माजं पोट होतं त्याच्यावर. म्हनून तं सांगून राहिली, साहेब. दुसऱ्या कोनाले हे सांगता येनार नाई. ज्यानं केलं, त्यालेच मालूम राहते कसं केलं."

टोल्यातल्या पस्तिशीच्या बाईनं त्यांचा पदर धरून ठेवला होता.

सदस्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "अभ्यास तुमचा आहे. ही साक्ष धरावी की नाही?"

खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की, सगळं सभागृह बाईंकडे बघतंय. इतकं नागडं बोलायची हिंमत माझ्यात कधी येणार नाही. मला त्याही गोष्टीचा हेवा वाटला. मग मी उभी राहिले. म्हटलं, "धरावी. ती पहिल्या पानावर हवी होती. तळटिपेत मी टाकली, आणि त्याचं कारण अभ्यासातलं नव्हतं."

पुढे काय झालं ते थोडक्यात. आयोगानं आदेश काढला की या जिल्ह्यात तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला फोन करून विचारायचं, आणि रोहित्र बदललं की गावातल्या एका माणसाची सही घ्यायची. काही महिने ते नीट चाललं. आता फोनऐवजी मोबाइलवर आपोआप संदेश येतो, 'आपली तक्रार सोडवली आहे'. सहीचा नियम मात्र टिकला आहे. देखरेख करणाऱ्यांना किती गुण द्यायचे, हे तुम्हीच ठरवा. मी आता घाईनं आलेख काढत नाही.

सुनावणीनंतर बाहेर चहाच्या टपरीवर बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला चार शिव्या द्याव्या, अशी माझी फार इच्छा होती.

"मले मालूम होतं, म्याडम," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"अहवालाच्या प्रती बांधून आनाले झेरॉक्सवाल्याकडे मलेच पाठवलं ना तुमी. आटोत बसून पूरा वाचला."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मग तेव्हाच बोलल्या का नाहीत?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "का बोलू? मले पन तुमची जलन होते ना. तुमी एक ओळ लिहिता तं आयोग चष्मा लावून वाचते. माज्या तोंडून लोक इतके वर्ष ऐकून राहिले, पन कोनी लिहून नाई घेतलं. मले वाटे, ह्या पोरीसारखं मले लिहिता आलं असतं तं..." त्या चहा प्यायल्या. "आज तुमी उभ्या झाल्या तवा मले वाटलं, आता हे बी हिलेच जमते. मंग मी हासली."

त्या दिवसापासून त्या मला 'म्याडम' म्हणायच्या थांबल्या. 'पोरी' म्हणू लागल्या. कामात एवढी बढती मला कुणी दिली नव्हती.

आम्ही आणखी दोन वर्षं बरोबर काम केलं. पाणीयोजनांचं, मग पुन्हा विजेचं. दोघींची नावं एकाखाली एक छापून यायची आणि त्या आपल्या नावावरून हळूच बोट फिरवायच्या. मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. लोक अजूनही त्यांच्याच पिशवीत भाजी कोंबायचे. फक्त तो आता मला ओळखीचा झाला होता, डाव्या गुडघ्यातल्या दुखण्यासारखा. त्याला सांभाळून चालता यायचं.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच. मला पंधरा दिवसांनी कळलं. गोरेगावच्या भाजीवालीला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, दरेकशाच्या बायका तेराव्याला येऊनही गेल्या होत्या. मी त्यांच्या लेकीसमोर बसून रडले आणि रडताना मनात हाच विचार, मला सगळ्यांच्या शेवटी का सांगितलं? लेक म्हणाली, "आईच्या फोनात तुमचा नंबर 'पोरगी' म्हणून होता. आम्हाला वाटलं, तो माझाच जुना नंबर." मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघत होती. ती नजर मला चांगली माहीत होती.

या उन्हाळ्यात नव्या तपासणीसाठी मी एकटीच दरेकशाला उतरले. टोल्यापर्यंत चढून गेले. त्या पस्तिशीच्या बाईनं मला लांबून पाहिलं, आतून चटई आणून आंब्याखाली अंथरली, झटकून सरळ केली. नेहमी आम्ही दोघी असायचो, म्हणून तिनं लांब चटई आणली होती. मग ती पायवाटेकडे बघत उभी राहिली. तेराव्याला ती स्वतःच जेवून गेली होती, तिला सगळं माहीत होतं. तरी थोडा वेळ ती तशीच बघत राहिली.

मग खाली बसली आणि मला म्हणाली, "बसा."

मी चटईच्या कडेला बसले, बाकीची जागा तशीच ठेवून.